पोप बोलले की ब्रह्मवाक्य? (आणि मांडवी एक्सप्रेसने आलेली राख)

शुक्रवारबाजार | रवि, रात्री ९:१०

मंडळी, विषय नाजूक आहे. काडी टाकून पळणाऱ्यांनी आधीच दुसरा धागा गाठावा, ही विनंती.

शाळेपासूनचा माझा एक कॅथलिक मित्र आहे. मूळचा चोडणचा, आता घर म्हापशाला. त्याचे वडील, आमचे अंकल, रायबंदर–चोडण फेरीबोटीवर खलाशी होते. निवृत्त झाल्यावर मुंबईला लेकीकडे गेले आणि गेल्या पावसाळ्यात तिथेच वारले. अग्निसंस्कार मुंबईतच झाला. नाइलाज म्हणून नव्हे, त्यांचीच तशी इच्छा होती. "मला जाळा आणि राख मांडवीत सोडा. जन्मभर हिच्या वरून गेलो, एकदा आतून जाऊन बघतो." हे ते दोन पेग पोटात असतानाही म्हणायचे आणि नसतानाही, तेव्हा थट्टा म्हणून सोडून देता येत नाही.

राख आली तीही मांडवी एक्सप्रेसने. थिवी स्टेशनवर मीच गाडी घेऊन गेलो होतो. स्टीलचा गोल डबा, झाकणावर पांढरा रुमाल गच्च बांधलेला, गाठीत रोझरी अडकवलेली. मित्राने तो मांडीवर घेतला आणि सीटबेल्ट डब्याच्या पुढून लावला.

दुसऱ्या दिवशी विगाराकडे, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीकडे, गेलो. माणूस भला आहे, आम्हाला चहा दिला, अंकलच्या आठवणी काढल्या. मग म्हणाला, मिस (प्रार्थनाविधी) घालतो, सिमितेरीत (दफनभूमीत) कोनाडा देतो, पण पाण्यात सोडणं जमायचं नाही. का, तर "रोमहून आलेलं आहे." मग घरी आल्ताराखाली, म्हणजे देवघराखाली, ठेवतो म्हटलं, तर तेही चालत नाही. डबा सध्या आल्ताराखालीच आहे. आंटी रोज त्याच्यासमोर रोझरी म्हणतात आणि आपण काहीतरी चुकीचं करतोय अशा चेहऱ्याने उठतात.

मला पडलेले प्रश्न असे. 'रोमहून आलेलं' म्हणजे नक्की कोणाकडून? पोपचं प्रत्येक वाक्य सारख्याच वजनाचं असतं का? आणि कॅथलिक माणसाने ते ऐकलं नाही तर काय होतं? आमच्यात अस्थी कधी, कुठे सोडायच्या याचे शंभर नियम आहेत, पण कोणी मोडले तर विचारायला येणारं एकच एक पीठ नाही. इथे मात्र खिडकी एकच दिसते.

---

फुकटचा सल्ला | रवि, रात्री ९:२२

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर.

तोवर उपाय: रात्री जा, राख सोडा, घरी या. बघतंय कोण?

---

शुक्रवारबाजार | रवि, रात्री ९:२४

आंटी.

---

सेमिनारीतून पळालेला | रवि, रात्री ११:०५

पळालो असलो तरी चार वर्षं राशोलच्या सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, काढलीत, तेव्हा थोडं खातं उघडतो.

आधी राखेचा हिशोब. १८८६ साली रोमने कॅथलिकांना दहन बंद केलं. कारण धुराचं नव्हतं. युरोपात तेव्हा काही मंडळी 'पुनरुत्थान वगैरे काही नाही, बघा, आम्ही देह जाळून दाखवतो' अशा ईर्ष्येने दहनाचा प्रचार करत होती. तो जोर ओसरला आणि १९६३ मध्ये बंदी उठली. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातही तेच आहे: दफन बरं, पण दहनाला मनाई नाही, फक्त ते श्रद्धेला विरोध म्हणून केलेलं नसावं. म्हणजे अंकलचं दहन शंभर टक्के नियमात बसतं.

तुमच्या विगाराने सांगितलं ते २०१६ चं. त्या वर्षीच्या सूचनेत म्हटलंय की राख पवित्र जागी ठेवावी. हवेत, जमिनीवर, पाण्यात विखरू नये, घरात ठेवू नये, घरच्यांत वाटून घेऊ नये. ती काढली रोममधल्या श्रद्धेची शिकवण सांभाळणाऱ्या खात्याने आणि तिला पोप फ्रान्सिस यांची मंजुरी होती. मात्र पोपने स्वतःच्या आसनावरून केलेली ती घोषणा नव्हे. हा फरक मोठा आहे आणि देवळाच्या पायरीवर तो कोणी सांगत नाही.

'आसन' म्हणालो ते मुद्दाम. जुन्या गोव्याच्या कथेड्रलला आपण 'से' म्हणतो, तो पोर्तुगीज शब्द आसनाचाच. कथेड्रा म्हणजेही खुर्ची. बिशप शिकवायला जिथे बसतो ती खुर्ची ज्या इगर्जीत (चर्चमध्ये) आहे ते कथेड्रल. मराठीत व्यासपीठ, गादी, पीठ म्हणतो तेच. तर कॅथलिक धर्मात या शिकवण्याच्या अधिकाराला लॅटिनमध्ये माजिस्तेरियुम म्हणतात, माजिस्तेर म्हणजे मास्तर. हा अधिकार पोपचा, आणि पोपबरोबर असलेल्या सगळ्या बिशपांचाही. आपले आर्चबिशपही त्यातले एक मास्तर. विगार मास्तर नव्हे, फार तर मॉनिटर. (हलके घ्या.)

---

तर्ककर्कश | सोम, सकाळी ७:४८

म्हणजे मास्तर कधीच चुकत नाही असं स्वतः मास्तरनेच फळ्यावर लिहून ठेवलंय. छान आहे. पोप अचूक असतो हे कोणी ठरवलं? पोपने.

---

सेमिनारीतून पळालेला | सोम, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तर्ककर्कश यांना पुरेल इतकंच.

एकट्या पोपने नाही ठरवलं. पहिल्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, १८ जुलै १८७० ला मतदान झालं. बाहेर वादळ, विजा कडाडताहेत, आत बिशप एकेक करून होकार देताहेत. ५३३ होकार, २ नकार. शिवाय साठेक विरोधक बिशप आधीच रोम सोडून गेले होते, पोपच्या तोंडावर 'नाही' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. हा प्रकार आपल्या ग्रामसभेतही चालतो. पुढच्या दोन महिन्यांत इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, पोपचं राज्य गेलं. राज्य गेलं आणि अचूकता हाती राहिली, असं टीकाकार म्हणतात ते अगदीच खोटं नाही.

पण ठराव काय झाला तो नीट वाचा. पोप अचूक आहे असा तो नाही. पोप सगळ्या ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि शिक्षक म्हणून, आपला सर्वोच्च अधिकार वापरून, श्रद्धा किंवा नीती यांबद्दलची शिकवण अख्ख्या चर्चने धरायची म्हणून कायमची ठरवतो, तेव्हा ते ठरवणं अचूक. या अटींतली एक जरी गळली तरी ते वजन नाही. पोपने सांगितलं उद्या पाऊस, तर छत्री न्यायची का हे तुमचं तुम्ही बघा. पोप पापी असू शकतो, आणि काही होते.

अशा वजनाने पोप दोनदा बोलले असं सगळे मानतात. १८५४ मध्ये मरियेचा गर्भसंभवच मूळपापाविना झाला हे, आणि १९५० मध्ये तिला देहासकट स्वर्गात घेतलं गेलं हे. बस्स. आणि १९५० च्या घोषणेआधी १९४६ मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं होतं, की तुमचे लोक काय मानतात?

आता गोव्याची गंमत. पणजीची ती पांढरी, झिगझॅग पायऱ्यांची इगर्ज, जिच्यासमोर सगळे फोटो काढतात, ती याच निष्कलंक गर्भसंभवाच्या सायबिणीची, म्हणजे मरियेची. फेस्त ८ डिसेंबरला. टेकडीवर पहिलं कपेल १५४१ चं, आताची मोठी इमारत १६१९ ची. पोर्तुगालच्या राजाने याच सायबिणीला १६४६ मध्ये राज्याची राखणदार म्हणून मुकुट वाहिला. आणि रोमचा शिक्का? १८५४. म्हणजे पणजीत फेस्त आधी, व्याख्या दोन शतकांनी. लोकांची श्रद्धा वरून खाली येते तशी खालून वरही जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) हे लिहूनही ठेवलं: सगळे बाप्तिस्मा घेतलेले मिळून जे धरून असतात, त्यातही एक अचूकपणा असतो.

---

नाना फोंडेकर | सोम, सायं. ६:१५

खालून वर गेलं म्हणता ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे मात्र वरून खाली आलं, आणि चांगलंच आलं. पोर्तुगिजांच्या धाकाने देव हलवावे लागले: मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. माझी आजी अजून 'मूळ जागा' म्हणत केळशीच्या दिशेला हात जोडायची. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२. मधली चारेक वर्षं बंद होतं एवढाच काय तो दिलासा. १४५५ मध्ये पोर्तुगीज राजाला दूरदूरचे मुलूख जिंकायची आणि तिथल्या माणसांना गुलाम करायची मुभा पोपनेच लिहून दिली. ते कुठल्या खुर्चीवरून?

कोणा आजच्या कॅथलिक शेजाऱ्यावर राग नाही, आमच्या वाड्यावर नाताळचा बोल (केक) आणि नेवऱ्या घरोघर येतात. पण अधिकाराचा विषय निघाला की हे टाळून पुढे जाता येणार नाही.

---

सेमिनारीतून पळालेला | सोम, रात्री १०:४०

नाना, टाळत नाही. एक दुरुस्ती मात्र करतो: गोव्यातलं इन्क्विझिशन पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालचं, रोमचं १५४२ चं ते निराळं. त्याने कोणाचं दुःख कमी होत नाही, हे मान्य. २०१६ ची राखेची सूचना काढणारं खातं हे त्या रोमन इन्क्विझिशनचंच आजचं रूप आहे, हेही लपवत नाही.

१४५५ च्या फर्मानाबद्दल व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ ला निवेदन काढलं. ती फर्मानं कॅथलिक श्रद्धेची अभिव्यक्ती कधीच मानली गेली नाहीत, आणि वसाहतवाद्यांनी ती आपल्या सोयीने वापरली, असं त्यात म्हटलं आहे.

---

नाना फोंडेकर | सोम, रात्री १०:५२

५६८ वर्षं लागली. आमच्या कोर्टातल्या कुळाच्या केशी बऱ्या म्हणायच्या.

---

सुकेळी | मंगळ, सकाळी ६:३०

वसईहून. आम्ही घरात मराठीच बोलणारे कॅथलिक (आमची बोली ऐकलीत तर तुम्हाला मराठी वाटेल की नाही ते सोडा). आमच्याकडे पोपना परमगुरुस्वामी आणि बिशपना महागुरुस्वामी म्हणतात. शब्दातच 'गुरु' बसलाय, त्यामुळे शिकवण्याचा अधिकार वेगळा समजवावा लागत नाही.

नाना आणि पळालेले या दोघांसाठी एक आठवण. तुम्हा गोवेकरांच्या पाद्रींनी प्रत्यक्ष पोपचं ऐकलं नव्हतं! १८३८ मध्ये सोळाव्या ग्रेगरींनी हुकूम काढून हिंदुस्थानातल्या मोठ्या भागातला पोर्तुगीज राजाचा पाद्रोआदो, म्हणजे बिशप नेमण्याचा वगैरे हक्क, आवळला. गोव्याच्या धर्मगुरूंनी साफ सांगितलं, राजाच्या संमतीशिवाय हे होऊच शकत नाही. मग मुंबईत काही इगर्जी गोव्याच्या हुकमातल्या आणि काही थेट रोमच्या, असा दुहेरी कारभार १९२८ पर्यंत चालला. माझे आजोबा रागावले की एका नातेवाइकाला 'पाद्रोआदोवाला' म्हणायचे. म्हणजे हट्टी.

पण बघा, त्या भांडणात कोणी मरियेबद्दल किंवा मिस्साबद्दल वेगळं काही म्हणत नव्हतं. भांडण कारभाराचं होतं. पोपचा हुकूम चालवण्याचा अधिकार एक, शिकवण्याचा दुसरा. राखेचा नियम यातल्या कुठल्या खणात बसतो, हा शुक्रवारबाजार यांचा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो मधोमध बसतो. देहाचा मान राखायचा ही शिकवण, डबा कुठे ठेवायचा हा नियम.

---

दोतोर्नबाय | मंगळ, रात्री ८:२०

साष्टीतून नमस्कार. इगर्जीत रविवारी मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते, वीस वर्षं झाली. प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची, म्हणून इथे वाचते, लिहिते क्वचितच. (कोकणी की मराठी हा वाद कोणी काढू नका. त्याचा धागा वेगळा आहे आणि तो तीनशे प्रतिसादांवर गेलाय.)

पोरांना मी घर दाखवते. पाया असतो: देव त्रिएक आहे, येशू देव आणि माणूस आहे, तो मेलेल्यांतून उठला. हे हललं की घर संपलं. मग जांभ्याच्या भिंती: ज्या गोष्टी चर्चने 'हे आता पक्कं' म्हणून सांगितल्यात. मग नळे, म्हणजे छपराची कौलं: पोप आणि बिशप रोजच्या रोज जे शिकवतात ते. ते फेकून द्यायचे नसतात, त्यांचा मान ठेवायचा, मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न करायचा. पण पावसाळ्याआधी छपरावर चढून एखादा बदलावाही लागतो. आणि शेवटी गिलावा-रंग: उपास कोणत्या दिवशी, मिस कुठल्या भाषेत. मिस लॅटिनमधून कोकणीत आली तेव्हा माझी आजी म्हणाली होती, आता देवाला कळेल की मला कळेल?

पण आजचं लिहिणं त्यासाठी नाही. याच आजीचं पहिलं मूल जन्मल्यावर काही तासांत गेलं. बाप्तिस्मा राहिला. तेव्हा बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला सिमितेरीत जागा नसे. आजोबांनी दफन केलं ते गडग्याच्या बाहेर, काजूच्या झाडाखाली, एकटे जाऊन. आजीला सांगितलं होतं की असं मूल लिम्बोत जातं: नरक नाही, पण देवाचं दर्शनही नाही. पुढे तिला सात मुलं झाली. दर २ नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, ती सिमितेरीत सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायची आणि एक हातात शिल्लक ठेवायची. ती गडग्यावर, बाहेरच्या अंगाला. वारा असला की ती विझायची, मग पदराचा आडोसा धरून परत लावायची. आम्ही पोरं हसायचो, की आजी भिंतीला मेणबत्ती लावते.

२००७ मध्ये रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगाने लिहिलं, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, की अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम कारणं आहेत. लिम्बो ही कधीच चर्चची पक्की ठरवलेली शिकवण नव्हती. त्याआधी १९८३ च्या कायद्यातही आलंच होतं, आईबापांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा असेल तर अशा बाळाचा अंत्यविधी करता येतो. म्हणजे तो नुसता नळा होता. आजीला कोणी सांगितलं नाही की हा नळा आहे. तिला तो पाया म्हणूनच मिळाला, त्याच आवाजात, त्याच पुल्पितावरून.

पळालेले, तुम्ही म्हणालात पायरीवर फरक कोणी सांगत नाही. त्याचा अर्थ आमच्या घरात असा होता. आजी १९९८ ला गेली.

---

फुकटचा सल्ला | मंगळ, रात्री ८:४१

बाय, रात्री नदीत सोडा वगैरे लिहिलं ते मागे घेतो.

---

तर्ककर्कश | मंगळ, रात्री ११:५८

दोतोर्नबाय, तुमच्या प्रतिसादाबद्दल आदर ठेवून. पण माझा प्रश्न त्यातून आणखी टोकदार होतो. पाया कुठला आणि नळा कुठला हे सांगणारा घरमालकच ना? नळा फुटल्यावर 'अहो तो पाया नव्हताच' म्हणणं फार सोयीचं आहे. २०१८ मध्ये देहदंडाबद्दलचा चर्चच्या शिकवणीच्या प्रश्नोत्तर-ग्रंथातला मजकूर बदलला, आधी काही टोकाच्या प्रसंगी चालत होता, आता 'अस्वीकार्य'. ही तर सरळ पलटी झाली. आणि तरी म्हणायचं, शिकवण बदलत नाही, उमलते.

---

सेमिनारीतून पळालेला | बुध, सकाळी ९:१५

पळण्याआधी नेमका याच प्रश्नावर मी एका प्राध्यापकाशी तासभर भांडलो होतो, त्यामुळे तुम्हाला हरवायची खुमखुमी नाही. दोन गोष्टी सांगतो, पटतात का बघा.

एक, घरमालकाचे हातही थोडे बांधलेले आहेत. चर्चच्या कायद्याच्या ७४९ व्या कलमात म्हटलंय की एखादी शिकवण अचूकपणे ठरवली गेली आहे हे उघड सिद्ध होत नसेल, तर ती तशी ठरलेली नाही असंच समजायचं. संशयाचा फायदा सिद्धान्ताला नाही. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं की शिकवण्याचा हा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे. आपल्याकडे श्रुती आणि स्मृती भांडल्या तर श्रुती वरचढ म्हणतात, साधारण त्या चालीवर. सेवक मालकासारखा वागतो का, हा निराळा प्रश्न आणि त्याचं उत्तर इतिहासात बऱ्याचदा 'हो' आहे.

दोन, 'उमलते' या शब्दाला मीही फार ताणलेला मानतो. देहदंडाच्या बाबतीत ताण दिसतो. लिम्बोच्या बाबतीत दिसत नाही, कारण ते खरोखरच कधी ठरलं नव्हतं. दोन्हींना एकच विशेषण लावणारे आमचेही लोक आळशी आहेत.

---

सुकेळी | बुध, दुपारी २:१०

आळशीपणात भर. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन नाही म्हणून पत्र काढलं. त्यांच्याच आयोगातल्या बहुमताने उलट शिफारस केली होती. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या जपणुकीवर पत्र काढलं. दोन्ही पत्रं एकाच दर्जाची, परिपत्रकं. आता आमच्या आळीत या. १९६८ चं ज्यांना तोंडपाठ आहे ते काका २०१५ चं ऐकलं की म्हणतात, ते पोपचं वैयक्तिक मत. आणि ज्या ताया २०१५ चं पोस्टर घेऊन झाडं तोडण्याविरुद्ध उभ्या राहतात त्यांना १९६८ चं विचारलं तर म्हणतात, ते जुनं झालं. दोघांच्याही घरी मुलं दोनच. दर्जे सगळ्यांना ठाऊक आहेत हो, फक्त प्रत्येकाची यादी वेगळी.

---

आडवळणी | बुध, रात्री ९:३३

पुण्यातून. विषयाशी थोडं अवांतर, पण 'आमच्यात एकच पीठ नाही' हे शुक्रवारबाजार यांचं वाक्य खटकलं. एक नाही म्हणून बोचत नाही असं थोडंच आहे? ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळी गेली, समोर चहा-बिस्किटं आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी नेमली, प्रायश्चित्तं झाली. एका कपाबद्दल! (मिशन अँग्लिकन होतं, कॅथलिक नव्हे, हेही नोंदवतो, नाहीतर पळालेले पकडतील.) आणि त्याहून जुनं, ज्ञानेश्वरादी भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्रासाठी जावं लागलं ही कथा तर लहानपणापासून ऐकतोय.

फरक मला एवढाच दिसतो: आपल्याकडे निर्णय देणारा कोण हेच धूसर, त्यामुळे दाद कोणाकडे मागायची तेही धूसर. तिकडे पत्ता तरी आहे.

अवांतराचं अवांतर: गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, राशोलला १६१६ मध्ये छापलं. त्यानंतर १६२९ पासून एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने खुद्द सेंट पीटरवर मराठी ओव्यांत मोठं पुराण छापलं. पोपच्या गादीचा मूळपुरुष आणि त्याच्या किल्ल्या मराठी ओवीत चारशे वर्षांपूर्वी आल्या, आणि आपण इथे त्यासाठी शब्द शोधतोय.

---

दोतोर्नबाय | बुध, रात्री १०:०५

'पत्ता तरी आहे' यावर. शुक्रवारबाजार, तुमच्या मित्राला सांगा, त्या पत्त्यावर कोणीतरी आधीच विचारून झालंय. बोलोन्याचे कार्डिनल झुप्पी यांनी राखेबद्दल रोमला दोन प्रश्न पाठवले आणि डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर आलं, पोपच्या मंजुरीने. त्यातलं दुसरं तुमच्या कामाचं: राख पवित्र जागी ठेवायचीच, पण घरच्यांनी विनंती केली तर तिचा अगदी थोडा भाग मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी जपून ठेवायला चर्चचा अधिकारी परवानगी देऊ शकतो. विखरायला नाही, जपून ठेवायला. आणि 'माणूस निसर्गात विरून गेला' अशा समजुतीने नको. २०१६ चं अगदी घट्ट झाकण होतं, सात वर्षांत एक फट पडली. विगाराला कदाचित ठाऊक नसेल. सगळेच कागद सगळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

---

तर्ककर्कश | बुध, रात्री १०:२०

आणि आंटींनी कोणालाच न विचारता स्वतःच्या मनाने ठरवलं तर?

---

सेमिनारीतून पळालेला | बुध, रात्री ११:१२

इंग्लंडचे न्यूमन, पुढे कार्डिनल आणि आता संत, यांनी १८७५ मध्ये लिहिलंय की जेवणानंतर धर्माच्या नावाने प्याला उंचावायचाच असेल तर आधी सद्सद्विवेकबुद्धीच्या नावाने, मग पोपच्या. पण त्यांच्या लेखी ती बुद्धी म्हणजे 'मला वाटतं' नव्हे. आधी ऐकून, अभ्यासून, देवासमोर उभं राहून जे उरतं ते. आंटींचं ते चाललंच आहे की, रोज रोझरी म्हणत.

---

शुक्रवारबाजार | शनि, सायं. ७:४०

सगळ्यांचे आभार. खबर देतो.

२०२३ चं उत्तर मित्राने मोबाइलवर विगाराला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, म्हणाला, हे मी पाहिलं नव्हतं, आर्चबिशपांच्या कचेरीत विचारावं लागेल, अर्ज लिहून द्या. मित्राच्या डोक्यात चोडणच्या धक्क्याजवळचा खुरीस (क्रूस) होता, त्याच्या चौथऱ्यात चिमूटभर. अर्ज लिहायला बसलो, 'महत्त्वाची जागा' या रकान्याशी येऊन थांबलो. फेरीबोटीचा धक्का महत्त्वाचा का, हे कचेरीतल्या माणसाला चार ओळीत कसं सांगणार?

आंटींनी अर्ज बाजूला सारला. म्हणाल्या, कोनाड्यातच ठेवूया, सगळी, वाटणी नको. फक्त न्यायचं ते रायबंदरवरून.

म्हापशाहून चोडणला जायचं तर पोंबुर्फाची फेरी जवळ. ती सोडून आज आम्ही पणजीवरून रायबंदरला गेलो. दुपारची वेळ, बोटीत आठ-दहा स्कूटर, मासळीची एक टोपली, शाळेची दोन पोरं. आंटी कठड्याशी उभ्या, डबा छातीशी. मध्यावर आल्यावर त्यांनी रुमालाची गाठ सोडली. मित्राचा चेहरा पांढरा पडला; मलाही वाटलं, आता झाकण उघडणार. त्यांनी रुमाल तेवढा काढला, डबा कठड्यावर धरला, घट्ट, दोन्ही हातांनी, आणि म्हणाल्या, "तांकां उदोक दाखोवया."

पलीकडे लागेपर्यंत तो तसाच धरून होत्या. मग रुमाल परत बांधला. मिस साडेचारला होती, विगार पाच मिनिटं उशिरा आला.

---

नाना फोंडेकर | शनि, रात्री ८:०२

पोचलं.

---

फुकटचा सल्ला | शनि, रात्री ८:३०

अर्जाचा कागद टाकू नका. २ नोव्हेंबरला कोनाड्याशी मेणबत्त्या लावायला मीही येतो, दोतोर्नबायच्या आजीच्या नावाने एक जास्तीची आणेन. रायबंदरहून शेवटची फेरी किती वाजता असते, कोणी सांगेल का?